"सर, ह्यात अणू कुठाय?"

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातले एक प्राध्यापक एम.एस्सी.च्या वर्गाला बोस-आइन्स्टाइन संघनन, म्हणजे अतिथंड केलेले हजारो अणू एकाच क्वांटम अवस्थेत जाणं, शिकवत होते. पडद्यावर १९९५ चं ते प्रसिद्ध रंगीत चित्र होतं. शेजारी शेजारी तीन डोंगर, डावीकडचा बसका आणि उजवीकडचा टोकदार. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ह्यात अणू कुठाय?" सरांनी तेव्हा वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यातून जाईना. आता त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत. हे चित्र नक्की कशाचं आहे? हल्ली 'एका अणूच्या तरंगाचा फोटो काढला' अशा बातम्या येतात, त्या कितपत खऱ्या? आणि कॉलेजात लेझरची प्रयोगशाळा नसताना हे वर्गात दाखवायचं कसं?

सर, आधी त्या मुलाला माझ्यातर्फे एक मिसळ खायला घाला. मी वीसेक वर्षं ह्या धंद्यात आहे, थोडी परदेशात आणि बाकीची इथे, आणि हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडलाच नव्हता. मी चित्र बघितलं, 'वा' म्हटलं आणि पुढच्या पानावर गेलो. पुढे स्वतः तशी चित्रं काढायची वेळ आली तेव्हा कळलं, की अख्खा विषय ह्याच प्रश्नापाशी अडकलेला आहे.

चित्र कोलोरॅडोतल्या बोल्डरचं. एरिक कॉर्नेल आणि कार्ल वायमन यांच्या गटाने ५ जून १९९५ रोजी रुबिडियम-८७ चे साधारण दोन हजार अणू १७० नॅनोकेल्विनच्या (निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा अब्जांश म्हणजे एक नॅनोकेल्विन) आसपास थंड करून हे संघनन पहिल्यांदा मिळवलं. काही महिन्यांतच अमेरिकेतल्याच एमआयटी संस्थेत वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियममध्ये ते करून दाखवलं, आणि २००१ चं नोबेल तिघांना मिळून दिलं गेलं. बोस यांनी ढाक्याहून आइन्स्टाइनना पत्र पाठवलं १९२४ साली. म्हणजे कागदावरची गोष्ट टेबलावर यायला सत्तर वर्षं लागली. हा भाग तुम्ही शिकवलेला असणारच.

आता चित्राच्या अक्षांकडे बघा. खालच्या दोन अक्षांवर अंतरं आहेत असं वाटतं, पण त्यांचा अर्थ वेग असा घ्यायचा. प्रयोगात चुंबकीय सापळा एकदम बंद केला, अणू मोकळे झाले, जो तो आपापल्या वेगाने पसरला, आणि थोड्या वेळाने त्या ढगाची सावली टिपली. जोरात जाणारे अणू लांब गेले, संथ होते ते मधेच राहिले. तेव्हा मधल्या उंच टोकाचा अर्थ 'जवळजवळ न हलणारे अणू पुष्कळ' असा आहे. उंची म्हणजे त्या त्या वेगाच्या अणूंची संख्या. रंग तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगतो: लाल म्हणजे कमी, पांढरा म्हणजे सर्वांत जास्त. रंग संगणकाने भरलेत, रुबिडियमचा ढग काही असा रंगीबेरंगी नसतो. वर्गात पोरं हमखास लाल म्हणजे गरम आणि निळा-पांढरा म्हणजे थंड असं धरून चालतात. गंमत अशी, की तसं धरूनही उत्तर बरंचसं बरोबर येतं, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षातच येत नाही.

उजवीकडच्या टोकात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कुणी दाखवत नाही. ते टोक सुईसारखं बारीक नाही, त्याला जाडी आहे. अणू एका छोट्या जागेत कोंडलेले होते. जागा आवळली की वेगाचा पसारा वाढतो, हे हायझेनबर्गचं तत्त्व. आणि टोक गोल नाही, लांबट आहे, कारण सापळा एका दिशेने जास्त आवळलेला होता. मोकळं सोडल्यावर ढग त्याच दिशेने जास्त पसरतो. अणूंची आपसातली ढकलाढकलही त्यात भर घालते. साधा गरम वायू असं करत नाही, तो मोकळा सोडला की सगळीकडे सारखाच गोल पसरतो. आमच्या लॅबमध्ये रात्री दोन वाजता संघनन झालं की नाही हे ओळखायची खूण हीच. आकडे नंतर, आधी ढग लांबट दिसला का ते बघायचं.

थंड कसं करतात हे पुस्तकात असतं, म्हणून चार ओळीच. खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास धावतो. समोरून आलेला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, त्याचा वेग सेकंदाला जेमतेम ६ मिलिमीटरने कमी करतो. म्हणजे त्याला थांबवायला पन्नास हजार टपल्या माराव्या लागतात. पण अणू सेकंदाला दोन कोटींच्या जवळपास टपल्या खाऊ शकतो, त्यामुळे काम अडीच-तीन मिलिसेकंदांत उरकतं. तिथून पुढे बाष्पीभवन. त्यासाठी सगळे बशीतल्या चहाचं उदाहरण देतात. मला ते अर्धवट वाटतं, कारण त्यातला महत्त्वाचा भाग झाकला जातो. तालमीतले सगळ्यांत दांडगे दहा पैलवान बाहेर काढले तर सरासरी ताकद घटते, पण उरलेले आहेत तसेच राहतात. वायूत तसं होत नाही. उरलेले अणू एकमेकांवर आदळतात, शक्तीची नव्याने वाटणी होते, पुन्हा काही दांडगे तयार होतात. त्यांना पुन्हा बाहेर काढायचं. ही टक्कर मंदावली की थंड होणं थांबतं, मग तुम्ही कितीही अणू फेका. आमच्या क्षेत्रातल्या निम्म्या पीएचड्या ह्या टकरींचा वेग राखण्यात गेल्या आहेत.

१०० नॅनोकेल्विनला त्याच अणूचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटरच्या आसपास येतो आणि त्याची तरंगलांबी (क्वांटम यांत्रिकीत अणू तरंगासारखाही वागतो) खोलीतल्या ०.०१ नॅनोमीटरवरून अर्ध्या मायक्रोमीटरच्या वर जाते. शेजारच्या अणूपर्यंत तरंग पोचला, की कोण कुठला हे विचारण्यात अर्थ उरत नाही.

आता मूळ मुद्दा. चित्रात अणू कुठाय?

चित्रात अणू नाही, त्याने अडवलेला प्रकाश आहे. हे कोल्हापूरकराला सांगायला मला किरणोत्सवापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. एखाद्या वर्षी किरणं कमरेपर्यंतच पोचली की दुसऱ्या दिवशी गावभर एकच चर्चा: वाटेत काय आडवं आलं? ढग, धूर की कुणाच्या इमारतीचा मजला? आपण मूर्तीवरचा प्रकाश बघून वाटेतल्या अडथळ्याबद्दल बोलतो. आमचा कॅमेरा दिवसभर हेच करतो. एका बाजूने लेझर सोडायचा, वाटेत अणूंचा ढग, पलीकडे कॅमेरा. किती प्रकाश पोचला नाही, त्यावरून वाटेत किती अणू होते ते काढायचं.

त्यासाठी एक फोटो पुरत नाही, तीन लागतात. पहिला अणू असताना. दुसरा थोड्या वेळाने, अणू निघून गेल्यावर, त्याच प्रकाशात. तिसरा लेझर बंद असताना, नुसत्या अंधाराचा. पहिल्या दोन्हींतून अंधार वजा करायचा, एकाला दुसऱ्याने भागायचं आणि लॉगरिदम घ्यायचा. जे उरतं त्याला आम्ही 'चित्र' म्हणतो. म्हणजे सर, तुम्ही पडद्यावर दाखवलंत ते गणिताचं उत्तर होतं, ज्याला चित्राचे कपडे घातलेत.

ह्या गणितात काय काय घुसतं ते सांगतो, कारण तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी ह्यात आलाच तर त्याची पहिली दोन वर्षं ह्यातच जाणार आहेत. एका लॅबमध्ये असताना आम्हाला ढगाचा माथा सपाट दिसायला लागला. कडा व्यवस्थित उतरत्या आणि वर पठार, पन्हाळगडावरून बघावं तसं. आम्ही दोन आठवडे त्यावर सिद्धांत रचत बसलो. अणू एकमेकांना ढकलतात म्हणून, आणखी कशामुळे म्हणून. फळ्यावर समीकरणं वाढत गेली. शेवटी निघालं ते असं: आमच्या लेझरचा पाच टक्के प्रकाश नेमक्या रंगाचा नव्हताच. तो अणूंना दिसतच नव्हता, कितीही दाट ढग असला तरी सरळ पलीकडे जायचा. हजारातले पन्नास फोटॉन काहीही झालं तरी कॅमेऱ्यात येणार, म्हटल्यावर खरे सातच यायला हवे होते की पन्नास, हे कळणार कसं? पाच टक्क्यांच्या लॉगरिदमला, म्हणजे तीनला, माथा कापला जात होता. ढग जास्त वेळ पसरू दिला, विरळ झाला, आणि पठार गायब. मी तेव्हापासून कुठलंही सुंदर चित्र दिसलं की आधी विचारतो, हा कॅमेरा जास्तीत जास्त किती मोजू शकतो?

दुसरा किस्सा उद्यमनगरातला, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागातला. सापळ्याची कॉइल गुंडाळायला ॲल्युमिनियमचं बॉबिन हवं होतं. एका लेथवाल्या मामांनी ते आरशासारखं करून दिलं. मी म्हटलं, आता ह्याला एका जागी आरपार चीर पाडा. मामा माझ्याकडे बघतच राहिले. "एवढी गोल रिंग काढून दिली, आता फोडाय सांगताय व्हय?" पण चीर हवीच होती. कॉइलचा प्रवाह बंद केला की अखंड धातूच्या कड्यात भोवऱ्यासारखा प्रवाह सुरू होतो आणि चुंबकीय क्षेत्र लगेच मरत नाही, काही मिलिसेकंद रेंगाळतं. तेवढ्या वेळात अणू मोकळे सोडलेत असं आपण समजतो, आणि ते मात्र अजून ढकलले जात असतात. मग वेगाचं चित्र वेगाचं राहत नाही. चीर पाडली की कडं तुटतं आणि प्रवाहाला फिरायला वाट राहत नाही. मामांना हे पटलं, कारण मोटर आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये पत्र्यांचे थर का घालतात ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच विचारलं, चीर कुठं ठेवायची?

फोटो काढल्यावर ढगाचं काय होतं, हा पुढचा प्रश्न वर्गातून यायलाच हवा. तो मरतो. अणूंचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटर आणि एका फोटॉनची टपली ६ मिलिमीटरची. एकाच टपलीत अणू संघननातून बाहेर. आणि नीट सावली पडायला एकेका अणूला अनेक फोटॉन झेलावे लागतात. जरा वेगळ्या रंगाचा प्रकाश वापरून ढगाला फारसा धक्का न लावता एकाच ढगाची लागोपाठ चित्रं घेण्याची पद्धतही आहे, एमआयटीच्या गटाने ती लवकरच बसवली. पण रोजच्या कामात एक चित्र म्हणजे एक ढग संपला. पुढच्या चित्रासाठी पुन्हा पहिल्यापासून, वीस-तीस सेकंदांचं सगळं रामायण.

म्हणून 'अवस्थेचा फोटो' हा शब्द मला खटकतो. फोटोत येते ती घनता, म्हणजे तरंगफलनाच्या (अणूचा तरंग लिहायच्या सूत्राच्या) आकाराचा वर्ग. वर्ग केला की कला, ज्याला तुमची पोरं फेज म्हणतात, ती पुसली जाते. रंकाळ्यात दोन दगड टाकून लाटा दाखवता येतात, छान दिसतं, पण तिथे तुम्ही लाट वर आहे की खाली हे डोळ्यांनी बघता. आमच्याकडे वर असो की खाली, कॅमेऱ्याला दोन्ही सारखंच. एक ढग मधोमध चिरून दोन केलेत, दोन्हींची कला सारखी, असं समजा. आता दुसरा तसाच चिरलेला ढग, फक्त दोन भागांच्या कला नेमक्या उलट. जागेवरच फोटो काढलात तर दोन्ही चित्रं हुबेहूब सारखी. अवस्था वेगळ्या, चित्र एकच! सापळा उघडा, दोन्ही भाग पसरून एकमेकांत मिसळू द्या, आणि मग फोटो काढा: एकात मधोमध उजळ पट्टा येतो, दुसऱ्यात काळा. म्हणजे फेज दिसते, पण ती दोघांना भेटायला लावल्यावर. पट्ट्यांमधलं अंतर काढणं सोपं आहे. प्लँकचा स्थिरांक गुणिले वेळ, भागिले वस्तुमान गुणिले दोन भागांमधलं अंतर. रुबिडियम, १० मायक्रोमीटर अंतर आणि २० मिलिसेकंद घेतले तर ९ मायक्रोमीटर येतं. हे गणित पोरांना फळ्यावर करायला द्या, त्यांना फार आवडतं, कारण प्लँकचा स्थिरांक पहिल्यांदाच सूक्ष्मदर्शकाला दिसेल एवढी लांबी देतो.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण ह्या विषयातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट इथे आहे आणि पुस्तकात ती एका ओळीत उरकतात.

१९९७ मध्ये केटर्ले यांच्या गटाने हिरव्या लेझरच्या पात्याने सापळ्याचे दोन भाग केले, दोन्हींत सोडियमची संघननं तयार केली आणि सोडून दिली. पट्टे आले, साधारण १५ मायक्रोमीटर अंतराचे, एकाच फोटोत, लख्ख. आता समजा दोन ढग अगदी स्वतंत्रपणे केलेले आहेत, एकमेकांना कधी भेटलेलेच नाहीत. तरी प्रत्येक फोटोत पट्टे येतात. फक्त ते दर वेळी वेगळ्या जागी येतात. शंभर फोटोंची सरासरी काढा, पट्टे गायब, सगळं सपाट.

ह्याच्या शेजारी दोन फटींचा जुना प्रयोग ठेवा, ज्यात एका वेळी एकच अणू जातो. तिथे एका फोटोत काय दिसतं? एक ठिपका. पट्टे बिट्टे काही नाही. शंभर फोटो एकावर एक ठेवले की पट्टे उगवतात. एका प्रयोगात सरासरी पट्टे देते, दुसऱ्यात सरासरी पट्टे खाते. दोन्हीकडे क्वांटम यांत्रिकी तीच. संघननात हजारो अणू एकाच अवस्थेत असतात, त्यामुळे एकाच फोटोत हजारो मोजमापं होऊन जातात, तो फोटोच जणू सरासरी असतो. एकट्या अणूला ती चैन नाही. एकदा मोजलं की एक ठिपका, आणि खेळ संपला. 'चित्र बघितलं' असं कुणी म्हटलं की विचारायचं: एका वेळचं की अनेक वेळांची बेरीज? उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता बातम्यांकडे. २००९ मध्ये हार्वर्डला आणि २०१० मध्ये म्युनिकला असे सूक्ष्मदर्शक तयार झाले, की लेझरच्या उभ्या-आडव्या लाटांनी केलेल्या खळग्यांत बसलेला एकेक अणू वेगळा दिसतो. अंड्यांच्या ट्रेसारखी रचना, फक्त म्युनिकच्या ट्रेमध्ये दोन खळग्यांतलं अंतर ५३२ नॅनोमीटर. फोटो घ्यायच्या आधी खळगे एकदम खोल करतात, म्हणजे अणू उडी मारू शकत नाही, आणि मग त्याला प्रकाशात चमकवत ठेवतात, त्याच वेळी थंडही करतात. इथे मात्र त्या मुलाच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. हा ठिपका, हाच अणू.

पण ह्या कॅमेऱ्याचीही एक खोड आहे. एका खळग्यात दोन अणू असले तर प्रकाशात ते एकमेकांवर आदळून दोघेही उडून जातात. तीन असले तर दोन जातात, एक उरतो. कॅमेऱ्याला कळतं ते फक्त सम की विषम. मधोमध काळं वर्तुळ दिसलं तर तिथे अणू नाहीत, की प्रत्येक खळग्यात दोन-दोन आहेत? मॉट अवस्थेच्या, म्हणजे प्रत्येक खळग्यात ठरावीकच अणू अडकून बसतात त्या अवस्थेच्या, पहिल्या चित्रांत मधला काळा भाग दोन-दोनवाला होता आणि त्याभोवतीचं उजळ कडं एकेकवालं. बाहेरचा काळा भाग मात्र खरोखर रिकामा. एकाच चित्रात काळ्याचे दोन अर्थ. वर्गात हे चित्र नुसतं दाखवा आणि आधी काही सांगू नका, कोण काय म्हणतं बघा.

'एका अणूच्या तरंगाचा फोटो' ही बातमी बहुधा पॅरिसच्या गटाची असणार. त्यांनी लिथियमचे अणू अशाच खळग्यांत एकेकटे बसवले, खळगे बंद केले, अणूचा तरंग मोकळ्या जागेत पसरू दिला, आणि ठरावीक वेळाने खळगे पुन्हा चालू केले. पसरलेला तरंग असतानाही अणू सापडतो तो एकाच खळग्यात. हे पुन्हा पुन्हा करून, कुठे किती वेळा सापडला ह्याची मोजदाद केली. वेळ वाढवत नेला तसा तो मोजदादीचा डोंगर समीकरणात लिहिलाय तसा रुंद होत गेला. काम देखणं आहे. मोकळ्या जागेत पसरणारा तरंग हे आपण फळ्यावर पहिल्या सत्रात काढतो, ते त्यांनी मोजून दाखवलं. बातमी खरी, 'फोटो' हा शब्द तेवढा सैल. फोटो अनेक होते, प्रत्येकात अणू ठिपक्यासारखाच होता, आणि तरंग त्यांच्या बेरजेत होता.

मग पूर्ण अवस्था, फेजसकट, कधीच कळत नाही का? कळते, पण सीटी स्कॅनसारखी. एका बाजूचा एक्स-रे म्हणजे सावली, त्यावरून आत काय आहे ते नक्की होत नाही. वेगवेगळ्या कोनांतून सावल्या घेतल्या की आतलं सगळं गणिताने उभं करता येतं. अणूसाठी कोन बदलायचा कसा? त्याला गोलसर वाटीसारख्या सापळ्यात झुलू द्यायचं. झुल्याच्या एक चतुर्थांश वेळेत त्याचा वेग हा स्थान होऊन समोर येतो. मधल्या वेळांना दोन्हींची सरमिसळ. वेगवेगळ्या वेळी, दर वेळी नव्याने तयार केलेल्या अणूचे फोटो घ्यायचे. अणू एकमेकांना ढकलत नसतील तर हे सरळ कामाला येतं, ढकलत असतील तर डोकेदुखी. जर्मनीत कोन्स्टान्झमध्ये १९९७ साली हेलियमच्या अणूंवर, दोन फटींतून सोडून, अशा सावल्यांमधून विग्नर फलन, म्हणजे स्थान आणि वेग एकत्र मांडणारा अवस्थेचा नकाशा, काढलं गेलं. त्यात काही जागी किंमत ऋण येते. घनता कधी ऋण असत नाही, त्यामुळे त्या खड्ड्याकडे बोट दाखवून तुम्ही पोरांना म्हणू शकता, ही गोष्ट कुठल्याही एका फोटोत मावणार नाही.

वर्गाचं आता. पायथॉनवर श्रोडिंगरचं समीकरण (तरंग वेळेनुसार कसा बदलतो ते सांगणारं) सोडवून ॲनिमेशन दाखवतात, तुम्हीही दाखवा, पण शेवटी दाखवा. ॲनिमेशनमध्ये तरंग मऊ, सलग आणि रंगीत वाहतो आणि पोरांचा समज पक्का होतो की कुणीतरी त्याला तसं बघितलंय. मी त्याआधी टिकल्यांचा प्रयोग करतो. महाद्वार रोडवर टिकल्यांची पाकिटं मिळतात, शंभर रुपयांत वर्गाचं काम होतं.

भिंतीवर मोठा कागद, त्यावर २० रकाने. दहा आकड्यांची एक यादी फळ्यावर लिहायची: १००, ९०, ६५, ३५, १०, ०, १०, ३५, ६५, ९०. हीच यादी पुढच्या दहा रकान्यांना पुन्हा. हा कोसाइनचा वर्ग आहे, पण ते आत्ता सांगू नका. प्रत्येक विद्यार्थ्याने फोनवर दोन आकडे काढायचे, एक १ ते २० मधला रकाना आणि एक १ ते १०० मधला. दुसरा आकडा त्या रकान्याच्या यादीतल्या आकड्याएवढा किंवा लहान असेल तर त्या रकान्यात एक टिकली लावायची. मोठा असेल तर पुन्हा आकडे काढायचे. प्रत्येकी एकच टिकली, मग रांगेत मागे. पहिल्या दहा-बारा टिकल्यांत काहीच दिसत नाही आणि वर्गात चुळबुळ सुरू होते. ती होऊ द्या. चाळीसच्या पुढे काही रकाने रिकामे का राहतायत म्हणून कुजबुज होते. शंभरापाशी डोंगर-दऱ्या उभ्या राहिलेल्या असतात.

मग दुसरा भाग. प्रत्येकाने २० चौकोनांची एक पट्टी घ्यायची आणि तीच यादी पेन्सिलीने गडद-फिकट रंगवायची, पण सुरुवात कुठून करायची ते फोनवरच्या आकड्याने ठरवायचं. सगळ्या पट्ट्या भिंतीवर एकाखाली एक. प्रत्येक पट्टीत पट्टे स्वच्छ, आणि उभ्या रकान्याची बेरीज काढली की सगळीकडे जवळपास सारखीच. पहिला कागद एकेका अणूचा, दुसरा स्वतंत्र संघननांचा. दोन्ही कागद शेजारी लावून ठेवा आणि मगच ते तीन डोंगरांचं चित्र पुन्हा पडद्यावर आणा. आता वर्गाला विचारा, हे टिकल्यांसारखं की पट्ट्यांसारखं? माझ्या अनुभवात इथे वाद होतो आणि तासाची घंटा होऊन जाते.

ह्यात कुणाला पुढे जायचं असेल तर पुण्यात आयसर, मुंबईत टीआयएफआर, इंदुरात आरआरकॅट आणि बंगळुरूत रामन संशोधन संस्था इथे थंड अणूंवर काम चालतं. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमुळे ह्या क्षेत्रात जागाही वाढतायत. अर्ज करताना मार्कांइतकंच, कधी सोल्डरिंग केलंय का, हेही विचारतात. उन्हाळ्यात पोरांना उद्यमनगरात एखाद्या लेथवर महिनाभर बसवा, मी गमतीत सांगत नाही.

एक सूचना राहिली. टिकल्या सगळ्या एकाच रंगाच्या आणि एकाच आकाराच्या घ्या. मी पहिल्यांदा हौसेनं रंगीबेरंगी पाकिट नेलं होतं, आणि अर्धा वर्ग लाल टिकल्या मधेच का येतायत ते शोधत बसला.